आज कोणती रात्र? हवाईचं चंद्राचं कॅलेंडर सोप्या भाषेत

ओआहू बेटावरच्या वाईकीकी किनाऱ्यावर दर महिन्याला दोन-तीन दिवस इशाऱ्याची पाटी लागते : पाण्यात बॉक्स जेलीफिश आहेत, जपून. पेटीच्या आकाराचे, पारदर्शक, पाण्यात जवळजवळ न दिसणारे हे प्राणी डसले की माणूस कळवळतो; एखाद्याला दवाखानाही गाठावा लागतो. नवख्या पर्यटकाला प्रश्न पडतो तो वेगळाच. ही पाटी कधी लागणार हे तिथल्या जीवरक्षकांना कितीतरी आधी कसं ठाऊक असतं? उत्तर सोपं आहे. पौर्णिमेपासून आठ ते दहा दिवस मोजायचे, म्हणजे आपल्या हिशेबाने वद्य अष्टमी ते दशमी. त्या सुमारास हे जेलीफिश पुनरुत्पादनासाठी ओआहूच्या दक्षिण किनाऱ्याजवळ येतात, आणि इतक्या नेमाने येतात की वर्षभराच्या तारखा आधीच काढून ठेवता येतात.

थोडक्यात, उंच उंच हॉटेलांच्या होनोलुलु शहरातही (वाईकीकी तिथलंच) पोहायला जाण्याआधी चंद्राची चौकशी करावी लागते. हवाईच्या मूळ रहिवाशांना यात नवल वाटणार नाही. त्यांचे पूर्वज मासेमारी, शेती, औषधं, पूजा सगळं चंद्रावर बेतायचे, आणि गेल्या काही वर्षांत ती पद्धत पुन्हा रोजच्या वापरात येऊ लागली आहे. शाळेच्या फळ्यावर, मच्छीमाराच्या घरात, फोनच्या पडद्यावर आज अमुक तारीख याच्या जोडीला आज अमुक रात्र असंही दिसतं. बाहेरच्या माणसाला मात्र त्या तीस नावांची यादी बघून गरगरायला होतं. हे राशिभविष्य आहे, पंचांग आहे की मासेमारीचं वेळापत्रक? पहिलं अजिबात नाही. उरलेल्या दोघांचे काही गुण यात आहेत, पण मूळ स्वभाव निराळा आहे. तो कळायला आधी थोडं आकाशातलं गणित लागेल.

चंद्र रोज उशिरा येतो

एका अमावास्येपासून पुढच्या अमावास्येपर्यंत सुमारे साडेएकोणतीस दिवस जातात. या काळात चंद्र रोज सरासरी पन्नास मिनिटं उशिरा उगवतो. महिन्याच्या सुरुवातीला सूर्य मावळल्यावर पश्चिमेला बारीक कोर दिसते. पंधरवड्याने सूर्य पश्चिमेला बुडत असतानाच पूर्वेला पूर्ण बिंब वर येतं. मग उगवण्याची वेळ मध्यरात्रीकडे, पुढे पहाटेकडे सरकत जाते. त्यामुळे चंद्राचा आकार काय आणि तो कोणत्या वेळी आकाशात कुठे आहे, एवढं पाहिलं की महिन्याचा कितवा दिवस ते सांगता येतं. कागद लागत नाही.

समुद्राचंही गणित यातच आहे. अमावास्या आणि पौर्णिमेला सूर्य, चंद्र आणि पृथ्वी जवळपास एका रेषेत येतात, सूर्य-चंद्राची ओढ एकत्र पडते आणि भरती-ओहोटीतलं अंतर वाढतं. कोकणात याला उधाण म्हणतात. अष्टमीच्या आसपास दोघांची ओढ काटकोनात पडते आणि हे अंतर कमी होतं, तो भांग. हे दोन शब्द पुढे लागणार आहेत.

आणखी एक अडचण जगातल्या सगळ्या चांद्र कॅलेंडरांना असते. बारा चांद्रमासांचे ३५४ दिवस होतात, ऋतूंचं वर्ष मात्र ३६५ दिवसांचं. दरवर्षी अकरा दिवस मागे पडतात. ही तूट भरून काढली नाही, तर पेरणीचा महिना हळूहळू उन्हाळ्यात जाऊन बसेल.

तीस रात्री, तीन गट

हवाईच्या या पद्धतीला 'कौलाना माहिना' म्हणतात. माहिना म्हणजे चंद्र, आणि महिनाही. (आपला 'महिना' फारसीतून आला, हे साम्य निव्वळ योगायोगाचं.) तिथे दिवस सूर्योदयाला सुरू होत नाही. आधी रात्र, मग तिच्या पोटी येणारा दिवस, असा क्रम. म्हणून गणना रात्रींची होते आणि रात्रीचंच नाव दुसऱ्या दिवसालाही लागतं.

आपण महिना दोन पक्षांत विभागतो. हवाईत दहा-दहा रात्रींचे तीन गट करतात, त्यांना 'अनाहुलू' म्हणतात : वाढत्या चंद्राचा, गोल चंद्राचा आणि उतरत्या चंद्राचा. मला ही विभागणी डोळ्यांना जास्त पटणारी वाटते. एकादशीपासून पौर्णिमेच्या पुढच्या चार-पाच दिवसांपर्यंतचा चंद्र बघणाऱ्याला साधारण गोलच दिसतो. पौर्णिमेला मधोमध कापून त्याचे दोन पक्ष करणं हे हिशेबाच्या सोयीचं आहे, नजरेच्या नाही.

पहिली रात्र हिलो, दुसरी होआका. तिसरी ते सहावी या चार रात्री 'कू'च्या : कूकाही, कूलुआ, कूकोलू, कूपाउ. काही, लुआ, कोलू हे हवाई भाषेतले एक, दोन, तीन, आणि पाउ म्हणजे संपलं. हा क्रम एकदा ध्यानात आला की जवळपास अर्धी यादी पाठ होते, कारण सातवी ते दहावी याच चालीवर 'ओले'च्या चार रात्री येतात. मग हुना, मोहालू, हुआ, अकुआ, होकू, माहेआलानी, कुलू आणि 'लाआउ'च्या तीन रात्री. इथे विसावी रात्र झाली. शेवटच्या दहांत पुन्हा तीन ओले, तीन कालोआ, मग काने, लोनो, माउली आणि मुकू. मुकूला आकाशात चंद्र नसतो. महिना एकोणतीस दिवसांचा निघाला तर शेवटाकडच्या रात्रींपैकी एक गळते.

होकू : पौर्णिमा नेमकी कधी, हे डोळ्यांनी कसं ओळखायचं

चौदावी, पंधरावी, सोळावी या तिन्ही रात्रींचा चंद्र पूर्ण वाटतो. घड्याळ नाही, गणिती तक्ते नाहीत, तर यांत फरक कसा करायचा? एकोणिसाव्या शतकात हवाईच्या जुन्या चालीरीती लिहून ठेवणारे डेव्हिड मालो (१८५३ साली वारले) याची उकल देतात, आणि ती मला या सगळ्या पद्धतीतली सर्वांत देखणी गोष्ट वाटते.

पंधराव्या रात्रीचं नाव होकू. पहाटे उठून पश्चिमेला बघायचं. उजाडण्याआधीच चंद्र मावळला, तर तो 'होकू पालेमो', बुडालेला होकू. उजाडलं तरी चंद्र क्षितिजावर रेंगाळत असेल, तर 'होकू इली', म्हणजे ओहोटीत होडी वाळूवर अडकून बसावी तसा अडकलेला. खगोलशास्त्र हेच सांगतं. पूर्णत्वाच्या क्षणाआधी चंद्र सूर्य उगवण्यापूर्वी मावळतो, तो क्षण टळून गेला की सूर्य उगवल्यानंतर मावळतो. म्हणजे पहाटेच्या एका नजरेत पौर्णिमा अजून यायची आहे की होऊन गेली, हे समजतं. पुढची रात्र माहेआलानी. तिच्यानंतरची कुलू. तिची खूण अशी की या रात्री चंद्र अंधार पडल्यानंतर उगवतो.

अशा खुणा यादीत ठिकठिकाणी आहेत. एखाद्या रात्री ढग आले आणि गणती चुकली, तरी दोन दिवसांनी आकाश मोकळं झाल्यावर ती दुरुस्त करता येते.

कोणत्या रात्री काय करायचं

लोकांना यातच जास्त रस असतो. परंपरा जे सांगते ते असं. कू म्हणजे ताठ उभं राहणं. या दिवसांत रताळी आणि कालो लावावेत. (कालो म्हणजे आपलं अळूच. आपण वडीसाठी त्याच्या पानांवर जास्त जीव लावला, हवाईने त्याच्या कंदावर. कंद उकडून, कुटून केलेली पोई हे त्यांचं मुख्य अन्न.) हुना म्हणजे दडलेलं, म्हणून जमिनीत दडून वाढणाऱ्या कंदांना ही रात्र चांगली. मोहालू फुलांची. हुआ म्हणजे फळ, अंडं, बी. फळणाऱ्या झाडांना चांगली. लाआउ म्हणजे झाड, लाकूड आणि औषधही. या दिवसांत औषधी वनस्पती गोळा कराव्यात, पण भाजीपाला लावू नये, तो जून आणि लाकडासारखा होतो. कालोआच्या रात्री ऊस, बांबू अशा लांब कांड्यांच्या पिकांच्या. काने आणि लोनो ही देवांची नावं, त्या रात्री पूजेच्या.

ओलेच्या सात रात्रींचा कायदा वेगळा. ओले म्हणजे नाही, काही नाही. या दिवसांत समुद्र खवळलेला असतो, मासे मिळत नाहीत, लावलेलं रुजत नाही, अशी समजूत. मग लोक काय करत? तण काढत, जाळी दुरुस्त करत, अवजारं नीट करत. हल्ली काही जण नवं काम, बैठक किंवा प्रवासाची सुरुवात ओलेत टाळतात आणि ते दिवस अर्धवट राहिलेली कामं निपटण्यासाठी ठेवतात. दर महिन्याला सात दिवस आवराआवरीला राखून ठेवणं ही कल्पना, चंद्र बाजूला ठेवला तरी, वाईट नाही.

समुद्रालाही सुट्टी

रात्रींच्या जोडीला 'कापू' असायचे. कापू म्हणजे निर्बंध, मोडल्यास जबर शिक्षा होणारा. महिन्यात चार वेळा ठरावीक रात्रींना देवळांतल्या पूजेचे कापू असत. माशांवरचे कापू त्याहून लांब पल्ल्याचे. ओपेलू आणि आकू या दोन माशांचं उदाहरण सगळीकडे दिलं जातं : वर्षातले सहा महिने एक पकडायचा, तेव्हा दुसऱ्याला हात लावायचा नाही, मग पाळी बदलायची.

कापूची धार्मिक व्यवस्था १८१९ साली राजघराण्यानेच मोडली. पण तिच्यामागचा विचार आजच्या सरकारी नियमांतही सापडतो. मोई हा हवाईतला एकेकाळी राजेरजवाड्यांसाठी राखलेला मासा जून ते ऑगस्ट पकडायला बंदी आहे, कारण तो त्याचा विणीचा हंगाम. आपल्याकडे पावसाळ्यात मासेमारी बंद असते त्याचं एक कारण हेच.

वर्ष जुळवायचं कसं? कृत्तिका बघून

अकरा दिवसांच्या तुटीकडे परत येऊ. आपल्याकडे अधिक मास गणिताने ठरतो. हवाईत वर्षाचा खुंटा म्हणून कृत्तिकांचा तारकापुंज वापरत. त्याला तिथे मकालिई म्हणतात. नोव्हेंबरच्या मध्याच्या सुमारास सूर्य मावळताना कृत्तिका पूर्वेला उगवतात. त्यानंतरची पहिली चंद्रकोर दिसली की 'मकाहिकी' सुरू. महिन्यांची नावं आणि क्रम बेटागणिक वेगळे असले, तरी हा खुंटा पक्का.

मराठी वाचकाला इथे काहीतरी ओळखीचं वाटायला हवं. कार्तिक महिन्याचं नाव कृत्तिकांवरूनच पडलं, कारण त्या पौर्णिमेचा चंद्र कृत्तिकांच्या आसपास असतो. पूर्ण चंद्र सूर्यास्ताला उगवतो, म्हणजे त्याच्या सोबतच्या कृत्तिकाही तेव्हाच उगवतात. त्रिपुरी पौर्णिमेला आपण दीपमाळा लावतो त्याच मोसमात, पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाला, तोच तारकापुंज बघून लोक वर्ष उलटल्याचं जाहीर करत. कोणी कोणाकडून घेतलं असं मुळीच नाही. होनोलुलु आणि नागपूर जवळपास एकाच अक्षांशावर आहेत, २१ अंश उत्तर. आकाश दोघांनाही साधारण सारखंच दिसतं, आणि कृत्तिकांचा झुबका कोणाच्याही नजरेत भरण्यासारखा आहे.

मकाहिकी सुमारे चार महिने चालायची. पाऊस आणि शेतीचा देव लोनो याचा हा काळ. युद्धाला बंदी, खेळ आणि कुस्त्या जोरात, आणि राजाचा सारा गोळा करण्याचीही वेळ हीच. १७७९ च्या जानेवारीत कॅप्टन कुक मोठ्या बेटावरच्या केआलाकेकुआ उपसागरात दाखल झाला तो मकाहिकीतच, आणि त्याचं जंगी स्वागत झालं. हंगाम संपल्यावर फेब्रुवारीत तो जहाजाची मोडकी डोलकाठी घेऊन परत आला तेव्हा वारं फिरलं होतं. १४ फेब्रुवारीला तिथेच तो मारला गेला. लोकांनी त्याला लोनो समजलं होतं की नाही यावर विद्वानांची जुंपलेली आहे, ती जुंपू द्यावी. पण चुकीच्या मोसमात येण्याची किंमत किती असू शकते, हे यातून दिसतं.

मग हे हरवलं कसं, आणि परत कसं आलं

हे ज्ञान लिखित नव्हतं, तोंडी चालत आलेलं होतं. १८२० मध्ये मिशनरी आले, हवाई भाषेला लिपी मिळाली आणि लोक झपाट्याने लिहा-वाचायला शिकले. १८३४ ते १९४८ या काळात हवाई भाषेत शंभराहून अधिक वर्तमानपत्रं निघाली. त्यांची सुमारे सव्वा लाख पानं आहेत. त्यांत जुन्या जाणत्यांनी रात्रींची नावं, मासे, वारे, पिकं यांबद्दल भरभरून लिहून ठेवलं. पण १८९३ मध्ये राणी लिलिउओकालानींचं राज्य उलथवलं गेलं आणि १८९६ च्या कायद्याने शाळांचं माध्यम इंग्रजी झालं. पुढच्या पिढ्यांची भाषा तुटली. भाषा तुटल्यावर रात्रींची नावं पोपटपंचीपुरती उरतात, कारण सगळी सूचना त्या नावांतच भरलेली आहे.

१९७८ च्या राज्यघटना दुरुस्तीत हवाई भाषेला अधिकृत दर्जा मिळाला, १९८४ पासून हवाई माध्यमाच्या बालवाड्या निघाल्या. त्या वर्तमानपत्रांची पानं पुन्हा वाचू शकणारी पिढी तयार झाली. कॅलेंडर परत येण्यामागे ही सगळी घडामोड आहे. कुणाला एकदम चंद्राचं वेड लागलं असं झालेलं नाही.

प्रत्यक्ष वापराचं बोलायचं, तर मोलोकाई बेटावरच्या मोओमोमी किनाऱ्याचं नाव घ्यावं लागेल. १९९० च्या दशकात मॅक पोएपोए आणि तिथल्या मच्छीमारांनी आपल्याच किनाऱ्याची नोंद ठेवायला सुरुवात केली : कोणता मासा कोणत्या महिन्यात, कोणत्या चंद्राला अंडी धरतो. त्या नोंदींतून कॅलेंडर बनलं. त्याचा उपयोग मासे कधी पकडावेत यापेक्षा कधी पकडू नयेत हे ठरवायला जास्त होतो. भरल्या पोटाची मादी आज खाल्ली तर पुढच्या हंगामाला काय खाणार, असा रोखठोक व्यवहार.

पाळायचं म्हणजे नेमकं करायचं काय

हवाईत शिकवणारे लोक सुरुवात यादी पाठ करण्यापासून करत नाहीत. सुरुवात 'किलो'पासून होते. किलो म्हणजे निरखणं : आकाश, समुद्र, जमीन. (वजनाशी संबंध नाही.)

अमावास्येनंतर संध्याकाळी पश्चिमेकडे बघायचं. पहिली कोर दिसली ती हिलो. त्या दिवसापासून वहीत रोज चार-दोन ओळी. चंद्र कुठे होता, वारा कोणत्या दिशेचा, पाऊस पडला का, डोंगरावर ढग होते का. समुद्राजवळ राहत असाल तर खडकावर पाणी कुठवर आलं. दारातलं कोणतं झाड फुललं, बाजारात कोणता मासा दिसला, आणि आपली स्वतःची झोप कशी लागली तेही, कारण निरखणारा माणूसही त्या जागेचाच भाग धरला जातो. जागा एकच ठेवायची. आज गच्ची, उद्या समुद्र, परवा कचेरीची खिडकी असं केलं तर तुलना करता येत नाही. पहिल्या महिन्यात काहीच हाती लागत नाही. तीन-चार महिन्यांनी एखादी जोडी जुळताना दिसते : अमुक रात्रींच्या सुमारास खडक उघडा पडतो, अमुक महिन्यात वारा फिरतो. वर्ष उलटलं की मागच्या वर्षीचं पान शेजारी ठेवता येतं, आणि खरी मजा तेव्हा सुरू होते.

छापील कॅलेंडरचं मग काय करायचं? शेजारघरच्या आजींची मसाल्याची वही जशी वापरतो तशी ती वापरायची. प्रमाणं चांगली असतात, पण ती त्यांच्या मिरचीची आणि त्यांच्या घरच्या जिभांची. मोओमोमीचं कॅलेंडर मोओमोमीचं आहे. दुसऱ्या बेटावर, किंवा त्याच बेटाच्या दुसऱ्या बाजूला, मासा वेगळ्या वेळी अंडी धरतो. वाऱ्याच्या बाजूचा किनारा आणि आडोशाचा किनारा यांच्यातला फरक हवाईत फार मोठा आहे. वीस-तीस किलोमीटरांत घनदाट ओलं रान संपून कोरडा माळ लागतो.

पण चंद्रामुळे रताळी खरंच चांगली येतात का?

हा आक्षेप रास्त आहे आणि त्याचं सरसकट हो किंवा नाही असं उत्तर देता येत नाही.

समुद्राबाबत पुरावा भक्कम आहे. भरती-ओहोटी चंद्रामुळेच. ओआहूच्या कानेओहे उपसागरातलं एक प्रवाळ उन्हाळ्यातल्या अमावास्येच्या सुमारासच अंडी आणि शुक्रबीजं पाण्यात सोडतं, तेही रात्रीच्या ठरावीक वेळी. जेलीफिशांचं सुरुवातीला सांगितलंच. रात्री बाहेर पडणारा, मोठ्या डोळ्यांचा लाल ऊऊ मासा काळोख्या रात्री जास्त सापडतो, हे हवाईतला कुठलाही मच्छीमार सांगेल. लख्ख चांदण्यात तो कपारीत दडून राहतो.

जमिनीवरच्या पिकांबाबत पुरावा पातळ आहे. पौर्णिमेचा उजेड म्हणजे सूर्यप्रकाशाचा सुमारे चार लाखावा भाग. रताळ्याच्या वेलातल्या पाण्यावर चंद्राची ओढ म्हणावी, तर ती मोजता न येण्याइतकी नगण्य. लाआउच्या रात्री लावलेली भाजी लाकडासारखी होते हे मी मान्य करणार नाही, आणि मान्य केल्याशिवाय कॅलेंडर वापरता येत नाही असंही नाही. लागवडीचे दिवस वाटून दिल्याने कामाला शिस्त येते, गावची मंडळी एकाच वेळी शेतात उतरतात, आणि लक्षात ठेवायला नावं सोपी. हा फायदा चंद्राच्या ओढीवर अवलंबून नाही.

ओलेच्या दिवसांचं प्रकरण अधेमधे पडतं. पहिल्या आणि तिसऱ्या चतकोर चंद्राच्या आसपास भांग असतो, म्हणजे ओहोटी फार खाली जात नाही, खडक नीट उघडे पडत नाहीत, आणि खडकाला चिकटलेले 'ओपीही' नावाचे शिंपले काढायला जाणाऱ्याची पंचाईत होते. इथपर्यंत भौतिकशास्त्र साथ देतं. पण त्या दिवसांत समुद्र खवळतो, या समजुतीला ते देत नाही. लाटा वाऱ्याने उठतात आणि वारा चतकोर चंद्राची वाट बघत नाही. ज्याला शंका असेल त्याने वहीत लिहून पाहावं. या पद्धतीत तशी मुभा आहे, नव्हे, तसं करणं अपेक्षितच आहे.

दोन कॅलेंडरांत एकाच दिवशी वेगवेगळी रात्र का असते?

कारण काही जण हिलो अमावास्येच्या गणिती क्षणाला धरून मोजतात, काही जण कोर डोळ्यांना दिसेल त्या संध्याकाळपासून. या दोघांत एक-दोन दिवसांचा फरक सहज पडतो. पुन्हा बेटाबेटांच्या परंपरा वेगळ्या. आपल्याकडे एकादशी स्मार्त की भागवत यावर घराघरांत चर्चा होते, तसाच हा मामला, आणि तिथले जाणते लोक यावर भांडत बसत नाहीत. आकाशाकडे बोट दाखवतात.

ॲपच्या बाबतीत एक गोम आहे. अमावास्येचा क्षण जगभर एकच, पण होनोलुलुचं घड्याळ भारताच्या साडेपंधरा तास मागे. त्याच तारखेची संध्याकाळ तिथे इतकी उशिरा होते की चंद्र साडेपंधरा तासांनी वयस्क झालेला असतो. म्हणून महाराष्ट्रात ज्या तारखेला कोर दिसत नाही, त्याच तारखेला हवाईत ती दिसू शकते. भारतातली तिथी बघून तिथली रात्र ठरवायला गेलात, तर एक दिवसाने हमखास घोळ होईल. हवाईत राहणाऱ्या मराठी मंडळींना चतुर्थी आणि एकादशीच्या बाबतीत याचा अनुभव असेलच.

हवामान बदलतंय, मग जुन्या नोंदी काय कामाच्या?

जुन्या नोंदी जशाच्या तशा चालणार नाहीत, हे खरं आहे. पाणी तापलं की माशांचा विणीचा काळ सरकू शकतो, पावसाचे महिने बिघडतात. पण चंद्राचं वेळापत्रक बिघडत नाही. म्हणून बदल मोजायला तो चांगला स्थिर खुंटा आहे. गेल्या वर्षी याच चंद्राला अमुक झाड फुललं होतं आणि यंदा दोन चंद्र आधीच फुललं, हे फक्त रोज लिहिणाऱ्यालाच सांगता येतं. हवाईत काही जण हवामानबदलाच्या अभ्यासासाठीच हा वसा पुन्हा घेत आहेत.

मी नागपूरला किंवा रत्नागिरीला बसून हे पाळू का?

निरखण्याची सवय उचलायला काहीच हरकत नाही. हवाईची रात्रनिहाय कामं उचलण्यात मात्र अर्थ नाही, विशेषतः समुद्राची.

कोकणात भरतीची वेळ काढायचा जुना आडाखा आहे : तिथीची पाऊणपट करा, तितक्या वाजता भरती. चतुर्थीला चार पाऊणे तीन, म्हणजे तीनच्या सुमारास पाणी भरलेलं. चंद्र रोज पन्नास मिनिटं उशिरा येतो हेच त्या पाऊणपटीत दडलंय, आणि रत्नागिरी-मालवणकडे हा आडाखा ढोबळमानाने चालतो. होनोलुलुत तो लावून पाहिला तर फसतो. तिथे दिवसातल्या दोन भरत्या सारख्या नसतात. एक मोठी, एक लहान. भरती-ओहोटीतलं अंतरही साधारण अर्धा-पाऊण मीटर. मुंबईत उधाणाला हेच अंतर पाच मीटरच्या घरात जातं, आणि वाळूवर टेकलेल्या होड्या तासाभरात तरंगू लागतात. चंद्र दोन्हीकडे एकच. पण होनोलुलुच्या कोळ्याला ओहोटीने गुडघाभर खडक मोकळा मिळतो, तर आपल्याकडे खाडीतली वाट कधी चालत आणि कधी होडीने ओलांडायची, हे त्याच चंद्रावरून ठरवावं लागतं.